भाताच्या खोलीतली ढोलकी

भात निघालं की हल्ली माझ्या पोटात दुखायला लागतं. नवा तांदूळ पचायला जड असतो म्हणून नव्हे. त्या दुखण्याचं मूळ विंझरला, माझ्या धाकट्या भावाच्या घराच्या मागच्या खोलीत आहे.

आज कॉलेजातून परतताना रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसलं. एक बाई अनवाणी त्यातून पाय ओढत चालत होती, भात वरखाली करत होती, आणि भोरच्या डेपोकडे निघालेली एसटी तिला सांभाळून वळसा घालून गेली. पेंढ्याचा वास स्कूटरवर अंगावर आला. या वासाने लोकांना गाव आठवतं, आई आठवते, लहानपण आठवतं. मला मागच्या वर्षीचा हंगाम आठवतो आणि नुसता चडफडाट होतो.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात गाणं ऐकते. माझा नवरा सुधीर म्हणतो, तू गाणं कुठं ऐकतेस, तू डबा ऐकतेस. डबा म्हणजे डॅक. हल्लीचं गाणं म्हणजे मोबाईलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये साठवलेले आकडे. त्या आकड्यांची पुन्हा वीज करायची आणि ती ॲम्प्लिफायरमार्फत स्पीकरपर्यंत पोचवायची, त्यातलं पहिलं काम डॅकचं. तसा प्रत्येक मोबाईलच्या पोटात एक बारीकसा डॅक असतोच. पण आमच्यासारखी नादी माणसं त्यासाठी वेगळा डबा घेतात आणि कुठला डबा जास्त खरं बोलतो यावर वर्षानुवर्षं वाद घालतात.

माझा डॅक काटेकोर आहे. त्यात एक चिप आहे आणि ती कशातही स्वतःचं मत घालत नाही. तानपुऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी ऐकू येतात, गाणाऱ्या बाईंनी श्वास कुठं चोरून घेतला ते कळतं, तबल्याच्या चाटेवर पडलेलं बोट कळतं. नाव ठेवायला जागा नाही, फक्त तासाभराने कान थकतात. दुसरा प्रकार शिडीचा. त्यात तशी चिप नसते, बारीक बारीक रेझिस्टरांची शिडीच बांधलेली असते आणि त्या शिडीवर आकड्याची वीज होते. शिडीचा आवाज भरीव. सारंगीला त्यात अंग येतं. कोपरे जरा घासल्यासारखे होतात, पण ऐकणारा माणूस आपोआप मागे टेकून बसतो. पुण्यात एका ओळखीच्यांकडे काचेच्या नळ्यांचा डॅकही ऐकला होता, चालू केला की मंद लाल दिसणारा. त्यात सगळंच इतकं गोड लागत होतं की नळावरचं भांडण लावलं असतं तरी भजन वाटलं असतं. हे फरक खरे आहेत आणि फार बारीक आहेत. ते बारीक आहेत हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण एकदा जळायला लागलं की माणसाला बारीक आणि मोठं यातला फरक कळत नाही.

विलासला, म्हणजे माझ्या भावाला, हा नाद मीच लावला. तो विंझरला शेती करतो, जोडीला रोपवाटिका. भोरला काही काम निघालं की माझ्याकडे येऊन बसायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि ‘आक्का, लई भारी’ म्हणून चहा पिऊन जायचा. मला बरं वाटायचं. मग त्याने पुण्यातल्या कुणा हौशी माणसाकडून वापरलेला शिडीचा डॅक आणला, माझ्यापेक्षा वरच्या प्रतीचा. गुरूची विद्या गुरूलाच फळली. तरी तेवढ्याने मी जळले नसते. माझं खरं दुखणं वेगळं आहे. विलासकडे आबा राहतात.

आबा आमच्या बुद्धवाड्यातल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांची पार्टी या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जायची आणि आबा चार-चार दिवस घरी नसायचे. आले की हातांची बोटं सुजलेली. आता गुडघ्यांनी दावा मांडलाय आणि ढोलकी विलासच्या माळ्यावर आहे. माझ्याकडे ते येतात ते डोळे तपासायला, नाहीतर कोर्टकचेरीच्या कामाला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ‘लेकीच्या घरी लई दिस ऱ्हाऊ ने,’ हे त्यांचं एक वाक्य. त्यावर मी कितीही वाद घातला तरी ते पिशवी उचलून उभे राहतात.

त्यांच्या पार्टीचं गाणं एकदा हिर्डोशीला कुणीतरी टेपवर घेतलं होतं. ती कॅसेट मी शोधली. पोटची पोरगी म्हणून शोधली आणि थोडी हट्टाने. बस चुकली म्हणून उन्हातून चालत हिर्डोशीला गेले. पार्टीत गाणाऱ्या बुवांच्या सुनेने जयभीम घालून आधी नाचणीची आंबील पाजली आणि मग पत्र्याच्या ट्रंकेतून कॅसेट काढून दिली. ती पुण्याला नेऊन आकड्यांत उतरवून घेतली. सगळी उन्हाळ्याची सुट्टी खरखर कमी करण्यात घालवली. त्यात कुत्री भुंकतात, एक तान्हं रडतं, पेटीचा एक सूर मध्येच अडकतो आणि या सगळ्याच्या खालून आबांची ढोलकी येते. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यात डॅकचे बारकावे काय डोंबल कळणार, असं जाणकार म्हणतील. म्हणोत. त्यांच्या बापाची ढोलकी नव्हती ती.

पहिल्यांदा आबांना ती माझ्याच घरी ऐकवली. सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्यांनी मान खाली घालून ऐकली. गाणाऱ्या बुवांचा आवाज ओळखून हसले. ढोलकीचा तोडा आला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

“पोरी, पत्र्याचा डबा वाजतोय ह्यो,” ते म्हणाले. “ही माजी ढोलकी न्हाई.”

मी दोष कॅसेटवर ढकलला. जुनी आहे आबा, म्हटलं, एवढंच उरलंय त्यात. ते ‘आसंल’ म्हणाले आणि गाडीची वेळ विचारली.

त्यानंतरचा तो मागच्या वर्षीचा हंगाम. मळणी उरकली होती. मी आणि सुधीर नसरापूरवरून विंझरला गेलो, तर खळ्यावर अजून भुसा उडत होता आणि विलासच्या कानामागे पेंढ्याच्या काड्या होत्या. जेवण झाल्यावर तो आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. टीव्हीच्या आवाजापासून लांब म्हणून त्याने स्पीकर तिथं मांडले होते. तिन्ही भिंतींना इंद्रायणी भाताची पोती थेट स्लॅबपर्यंत रचलेली, मधल्या जागेत आबांची खाट. आत पाऊल टाकताच बाहेरचं गाव बंद झाल्यासारखं झालं. विलासने हिर्डोशीचं गाणं लावलं, मीच दिलेलं.

ढोलकी आली. खरंच आली. डाव्या हाताचा घुमारा खोलीत फिरला आणि जिथं थांबायचा तिथं थांबला. बुवांच्या पायातली चप्पल ताल धरत होती तीसुद्धा मी पहिल्यांदा ऐकली. आबांची बोटं मांडीवर चालायला लागली होती.

“हां! आत्ता बोलली,” आबा म्हणाले. “डाव्या हाताला म्या जरा जास्तीच दाब दिला व्हता तवा. ऐक, ऐक.” मग ते विलासकडे बघून म्हणाले, “इलास, तुजं मशीन लई खास हाय बाबा.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कॅसेटीसाठी ऊन खाल्लं मी, खरखर काढली मी, आणि ढोलकी वाजली विलासची. मी त्या खोलीत बसून माझ्या सख्ख्या भावावर जळले. त्याच्या शेतावर, त्याच्या डॅकवर, आबांच्या खाटेवर. बापाचं घर त्याला, बाप त्याला, आणि आता बापाची ढोलकीपण त्यालाच. मी हसून ‘छान वाजतंय’ म्हटलं. सुधीरने माझ्याकडे बघून खाकरल्यासारखं केलं.

विलासला मन कळत नाही असं नाही, फक्त माझ्यासारखं वाईट त्याच्या मनात येतच नाही. “घीऊन जा की आक्का,” तो म्हणाला, “चार दिस तुज्याकडं ऱ्हाऊ दे.” मी गोधडीत गुंडाळून तो डॅक मांडीवर घेऊन भोरला आले. लावला, ऐकला, काढला, माझा लावला, पुन्हा त्याचा लावला. शिडीचा डॅक माझ्या घरातही थोडा मऊ होता, सारंगी जरा भरली. पण ढोलकी? पत्र्याचा डबा. आता मऊ पत्र्याचा. मी वायरी बदलल्या, स्विचबोर्ड बदलला, शेवटी भिंतीतली वायरिंगही बदलून घेतली. सुधीर म्हणाला, आता वीज देणारी कंपनीच बदलून बघ. चौथ्या दिवशी मी डबा परत नेऊन दिला आणि विलासला सांगितलं, बरा आहे. ज्याला चांगलं म्हणताना जीभ जड होते तो बरं म्हणतो.

मळणी झाली की विलास मला दरवर्षी भाताचं एक पोतं पाठवतो, माहेरचं म्हणून. त्या वर्षीही आलं. इंद्रायणी शिजायला लागली की वास घरभर पसरतो, शेजारचे विचारतात, काय हो, नवा का? मी त्या वर्षी कुकर लावला की वास घरात राहू नये म्हणून खिडकी उघडून ठेवायची.

वैशाखात विंझरला बुद्धवाड्यात लग्न होतं. उन्हाने डोकं उठलं म्हणून जेवण झाल्यावर मी आणि आबा मागच्या खोलीत जाऊन बसलो. विलास पाणी घेऊन आला. मी म्हटलं, लाव ना रे ते आपलं. त्याने कुरकुरत लावलं. आणि काय सांगू, पत्र्याचा डबा! तोच डॅक, तेच स्पीकर, तेच गाणं.

“उन्हाळ्यात न्हाई बोलत ते,” आबा शांतपणे म्हणाले. “कातडं तापलं का चढतं. पावसात ढिलं पडतं. भाताच्या टायमाला कशी, हवा बांधल्याली आसती. ढोलकीचं तसंच आसतं.”

“व्हय आक्का,” विलास म्हणाला, “म्हनून तर आमी उन्हाळ्यात लावतच न्हाई. पावसात तर वीजच जाती, तवा झाकून ठिवतो.”

डॅकला कातडं नसतं, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर भिंतींकडे गेली. खोलीत एका कोपऱ्यात दोन पोती होती. बाकीचं भात गिरणीला, बाजाराला गेलेलं. उघड्या भिंती, शहाबादी फरशी, एक खराटा. मी टाळी वाजवली. टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर झणझणत गेली. मी पुन्हा वाजवली.

“कुनाला टाळ्या वाजिवतीस?” आबांनी विचारलं.

दरवर्षी मी वर्गात आवाजाचं परावर्तन शिकवते. फळ्यावर बाण काढते. मऊ वस्तू आवाज पितात, टणक वस्तू परत फेकतात, हे मुलांकडून घोकून घेते. स्लॅबपर्यंत पोचलेली भाताची पोती काय करत असतील हे मला सुचू नये? सुचलं नाही, कारण मी डब्याकडे बघत होते. खरं तर डब्याकडेही नाही. आबा कुणाकडे बघतात तिकडे बघत होते.

परतताना गाडीत मी गाणं म्हणायला लागले. सुधीरने विचारलं, लग्नात काय मिळालं एवढं? मी म्हटलं, विलासच्या डॅकमध्ये काहीसुद्धा विशेष नाही! तो म्हणाला, अभिनंदन.

मग मी भाताची वाट बघायला लागले. जन्मात कधी शेतीकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं. लावणी झाली का, पोटरीत आलं का, निसवलं का, पाऊस फार तर नाही ना, असे मी फोन करायची. विलास गहिवरला. भावजयीला म्हणाला म्हणे, आक्काचा जीव बघ किती हाय शेतात. माझा जीव पोत्यांत होता.

यंदा दिवाळीनंतर खोली भरली आणि मी माझा डॅक घेऊन विंझरला गेले. सोबत आवाज मोजायचं मीटर. दोन डबे तोलायचे तर दोघांचा आवाज आधी नेमका सारखा करावा लागतो. एक केसभर जरी मोठा असला तर कान त्यालाच चांगला म्हणतात, मग तो डबा कसलाही असो. ते केलं, दोन्ही डब्यांपुढे चादर बांधली आणि आबांना सांगितलं, कुठला खरा ते सांगा. एकदा विलासचा लावला. “हां,” आबा म्हणाले. मग माझा. “हां, बराबर हाय.” पुन्हा माझा, मग विलासचा, मग परत माझा.

“आगं किती येळा त्येच त्येच लावतीस?” आबा वैतागले. “ढोलकी हाय, वाजतीया!”

मी चादर ओढून काढली. हा माझा, हा विलासचा, म्हटलं. दोन्ही तुम्हाला सारखेच लागले. मागच्या वर्षी तुम्ही ज्याला खास म्हणालात ते मशीन नव्हतं, ही पोती होती. बोलताना माझा आवाज जरा चढला होता. मी विलासचं तोंड बघत होते, वैशाखापासून याच घटकेची वाट बघितली होती.

विलासने शेजारच्या पोत्यावर थाप मारली आणि मोठ्याने हसला. “मंजी भाताची कमाल म्हन की! आबा, आपलं भात वाजतंय!” त्याला इतका आनंद झाला की तो बायकोला हाक मारून पुन्हा सगळं सांगायला लागला. त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. मी ज्याच्याशी वर्षभर लढत होते त्याला लढाई आहे हेच ठाऊक नव्हतं.

आणि मग परवाचा रविवार. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. गॅलरीतून पाहिलं तर मागे पोतीच पोती, पुढच्या सीटवर आबा, मांडीवर पिशवी. विलास वर बघून ओरडला, “आक्का, विकायचं भात पुढं विकीन! तवर तुज्या खोलीत ऱ्हाऊ दे, आबांस्नी ऐकव!” बिल्डिंगमधले लोक बाहेर आले. हमालाने आणि विलासने मिळून पोती वर आणली आणि आमच्या हॉलच्या भिंती झाकून टाकल्या. सोफा गॅलरीत गेला. भिंतीवरचं घड्याळ पोत्यांमागे गेलं. सुधीर उंदरांचं औषध आणायला गेला.

आबा एकेक पायरी चढत आले आणि मध्ये टाकलेल्या खुर्चीत बसले. मी माझ्या डॅकवर हिर्डोशीचं गाणं लावलं. कुत्री भुंकली, तान्हं रडलं, पेटीचा सूर अडकला. मग ढोलकी आली, घुमारा आला आणि थांबायचा तिथं थांबला. आबांची बोटं मांडीवर चालली. तोडा संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच.

“ही हाय माजी ढोलकी,” ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत आबांनी हात लांब करून पोत्याला थोपटलं. “इलासचं भात हाय. वाजनारच.”

झालं. माझं घर, माझा डॅक, मी शोधलेली कॅसेट, आणि वाजतंय काय, तर विलासचं भात. पोटात पुन्हा जुन्या जागी दुखलं. विलास खाली टेम्पो वळवत होता, हॉर्न देत होता, आणि आता आबा पिशवी उचलतील म्हणून मी दाराकडे बघितलं.

“आबा, राहा की चार दिवस,” मी म्हटलं. दरवेळी म्हणते तसंच.

“लेकीच्या घरी लई दिस...” त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. “पन भात आपलंच हाय म्हना,” ते म्हणाले. “पोती हायती तवर ऱ्हातो.”

विलास एकटाच परत गेला. तेव्हापासून आबा त्या खुर्चीत बसतात. सकाळी हिर्डोशी, दुपारी हिर्डोशी, मध्येच मला हाक मारून सांगतात, हितं बुवा शब्द इसरला बघ.

आज संध्याकाळी तांदळाचा डबा रिकामा झाला. सुधीर म्हणाला, एवढं भात घरात आहे, एक पोतं गिरणीत टाकून आणतो. मी म्हटलं, एकाही पोत्याला हात लावायचा नाही. पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

“तांदूळ?” दुकानदार बघतच राहिला. “मॅडम, परवा टेम्पोभर भात उतरलं की तुमच्याकडं.”

“उतरलंय,” मी म्हटलं, “पण ते ऐकायचं आहे. तुम्ही कोलम द्या.”